समुद्राचं चित्रपुस्तक घेऊन गोष्ट लिहायला बसण्याआधी

पुस्तक आधी स्वतः दोनदा वाचून घ्या, त्यातलं एकदा मजकूर झाकून, नुसती चित्रं बघत. चित्रपुस्तकं बहुधा 32 पानांची असतात. ‘आता पुढे काय?’ असं वाटायला लावणारं एखादं पान सापडतंच. तिथे खूण लावा आणि वर्गात तिथेच थांबा. शेवट मुलांचं लिहून झाल्यावर वाचायचा, नाहीतर सगळ्यांच्या कागदावर तोच उतरतो.

मग पात्र. डॉल्फिन आणि देवमासा सगळ्यांनाच सुचतात, म्हणून मी ते टाळते. माझा आवडता म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा. अंग वाढलं की त्याला जुना शंख पुरत नाही, मोठा शोधावा लागतो, आणि घर बदलताना त्याचं मऊ पोट उघडं पडतं. गरज, भीती, शोध, सगळं आयतंच मिळालं! आपण फक्त विचारायचं, “त्याला वाटेत कोण भेटलं?” ऑक्टोपसची तीन हृदयं, पोटाच्या पिशवीत अंडी सांभाळणारा समुद्रघोड्यांतला बाबा, मेंदूच नसलेला जेलीफिश, हेही हाताशी असू द्या. पण एका बैठकीला एकच. चार सांगितली की सामान्यज्ञानाचा तास सुरू होतो आणि गोष्ट राहते बाजूला.

कागद बिनरेघी हवेत, खडू जाड. थोडे काळे कागदही ठेवा. मुलं समुद्र निळाच रंगवतात, पण 200 मीटरच्या खाली उजेड फारसा पोचत नाही आणि 1000 मीटरखाली तर मिट्ट काळोख. तिथले काही मासे स्वतःच उजेड पाडतात. काळ्या कागदावर पिवळा ठिपका काढला की पुढची गोष्ट मूल आपणहून सांगू लागतं.

शब्दांचा तक्ता छापून आणू नका. फळा कोरा ठेवा. बुळबुळीत, खारट, चुबुक, डुबुक असले शब्द मुलांकडूनच येऊ देत.

ज्यांना अजून लिहिता येत नाही त्यांचं बोलणं टिपून घ्यायला एखादी मोठी व्यक्ती मदतीला लागेल. तिला आधीच बजावून ठेवा: मूल “खेकडा घर बदलला” म्हणालं तर तसंच लिहायचं, सुधारायचं नाही. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच, लाल पेन आणूच नका. अर्धवट कागदांसाठी एक मोठं पाकीट घ्या. एका बैठकीत गोष्ट संपवायची सक्ती नको.