'ब्लू मंडे'चा ठेका आणि निसटलेला एक सूर: सांगाडा घरी कसा बांधावा

मँचेस्टरच्या न्यू ऑर्डर या बँडचं 'ब्लू मंडे' ७ मार्च १९८३ रोजी आलं. १२ इंची तबकडी, साडेसात मिनिटांचं गाणं. हा बँड कार्यक्रमात 'वन्स मोअर' द्यायचा नाही आणि लोक चिडायचे; तेव्हा बटण दाबून आपण निघून गेलो तरी वाजत राहील असं काहीतरी करावं, इथून सुरुवात झाली. त्याचा सांगाडा एलएमएमएससारख्या संगीत बनवायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एका संध्याकाळी उभा राहतो. चाल स्वतःची घ्या, बांधणी तेवढी उचला.

टेम्पो मिनिटाला १३० ठोके, चार ठोक्यांचा बार (म्हणजे एक आवर्तन), बारमध्ये सोळा घरं, स्विंग (घरं मागेपुढे झुलवणं) शून्य. एक घर म्हणजे सुमारे ११५ मिलिसेकंद. हा आकडा सारखा लागणार आहे.

१. ठेका

पॅटर्न दोन बारचा. पहिल्या बारमध्ये किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) १ आणि ५ या घरांत, मग ९ ते १६ सलग. दुसऱ्यात १, ५, ९, १३. स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) ५ आणि १३ वर, उघडी हायहॅट (झांजांची जोडी) ३, ७, ११, १५ वर. सलग आठ किकांमध्ये चढउतार घालायचा मोह होतो. घालू नका, सगळ्या एकाच जोराच्या ठेवा. तो निर्विकारपणाच तर हवा आहे.

इथे हमखास बिघडतं ते किकच्या शेपटीमुळे. सँपल ३०० मिलिसेकंद घुमत असेल तर ११५ वर पुढची किक येते आणि नुसता चिखल होतो. डिके (आवाज विरायला लागणारा वेळ) ९० ते १०० मिलिसेकंदांवर आणा. मूळ ठेका ओबरहाइम डीएमएक्स या ड्रम मशीनचा, ८ बिटच्या चिपवरचा. पण त्यात आवाज दाबून साठवलेला असे, त्यामुळे बिटक्रशर (आवाज मुद्दाम खरबरीत करणारा इफेक्ट) थेट ८ बिटवर नेलात तर नुसती खरखर मिळेल. १२ वर ठेवा.

आणि आत्ताच फाइल सेव्ह करा. ड्रमर स्टीफन मॉरिसच्या पायानं मशीनची वायर निघाली आणि आधीचा जमलेला ठेका पुसला गेला. पुन्हा केलेला तितका चांगला झाला नाही, असं बासवादक पीटर हुकचं मत.

२. बास

मूळ आवाज मूग सोर्स या सिंथेसायझरचा (सिंथचा). तुमच्या सिंथमध्ये दोन सॉटूथ ऑसिलेटर (करवतीच्या दातांसारख्या लहरीचे मूळ आवाज) घ्या, एक ६ सेंट्सनं (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) वर. लो-पास फिल्टर (वरचे, तीक्ष्ण आवाज कापणारा) ३५० हर्ट्झच्या आसपास, डिके १८० मिलिसेकंद, सस्टेन (सूर धरून ठेवण्याची पातळी) शून्य. प्रत्येक ठोक्याच्या चार घरांपैकी १, ३, ४ भरा: पहिला सूर खालचा, पुढचे दोन एक सप्तक वर. घोडा दौडल्यासारखं ऐकू आलं की जमलं. सुरांसाठी डी मायनरमध्ये दोन बार डी, एक बार एफ, एक बार सी असं करून पाहा.

सी च्या बारमधला खालचा सूर सी२ म्हणजे ६५ हर्ट्झ, आणि किकचा गाभाही साधारण तिथेच. म्हणून नेमक्या त्या बारमध्ये ठेका दबल्यासारखा वाटतो. तो बार सी३ पासून वाजवा. (काही सॉफ्टवेअर मधल्या सी ला सी४ म्हणतात, काही सी३. आधी तपासा.)

३. निसटलेला सूर

खरी गंमत इथे आहे. सिंथची चाल बँडमधल्या कीबोर्डवादक जिलियन गिल्बर्टनं आधी एकमेकांना चिकटवलेल्या लांबलचक कागदांवर लिहून काढली आणि मग एकेक घर करून यंत्रात भरली. त्यात एक सूर राहून गेला. चाल ठेक्यापासून किंचित सरकली, आणि तशीच राहिली.

हे करायचं तर दोन बारची चाल लिहा, ३२ घरांची. मग एक घर काढून टाका. सूर नुसता मुका करू नका. जागा रिकामी राहिली तर काहीच सरकत नाही. त्यानंतरचं सगळं एक घर डावीकडे ओढायचं. हे एकदाच केलंत तर चाल कायमची एक घर पुढे राहते. ३१ घरांचाच लूप फिरवलात तर ती दर फेरीला आणखी एक घर सरकते आणि ६२ बारनंतर, म्हणजे सुमारे १ मिनिट ५४ सेकंदांनी, पुन्हा जुळते. मधल्या वेळात कुठलाही सूर कशावरही आदळणार, म्हणून डी, एफ, जी, ए, सी या पाचांबाहेर जाऊ नका.

४. कोरस

मूळ गाण्यातला गूढ कोरस (अनेक गळ्यांचा एकत्र आवाज) क्राफ्टवर्क या जर्मन बँडच्या 'युरेनियम'मधून इम्युलेटर या सँपलरवर (आवाज साठवून पट्ट्यांवर वाजवायच्या यंत्रावर) घेतलेला. (हे यंत्र शिकताना बँडमधल्या दोघांनी तासन्‌तास पादण्याचे आवाज रेकॉर्ड केले होते!) दुसऱ्याची तबकडी वापराल तर हक्कांचा दावा येऊ शकतो. त्यापेक्षा फोनवर दोन सेकंदांचा 'आ' घ्या, सँपलरमध्ये पाच सेमीटोन (अर्धस्वर) उतरवा आणि तीन सूर एकदम दाबा.

५. माणसाचा हात

यंत्रांवर हुकची बास गिटार मात्र हातानं वाजवलेली आहे. तुम्हीही एक ओळ क्वांटाइझ न करता (म्हणजे सॉफ्टवेअरला सूर घरांत नेमके बसवू न देता) वाजवा. घरची पेटी चालेल, पण ती ४४० हर्ट्झला लागलेली असेलच असं नाही. ट्यूनरवर पाहा आणि सिंथचा मास्टर ट्यून तिच्याकडे न्या. पेटीचा सूर काही हलवता येत नाही.

मांडणी करताना घाई नको. आठ बार म्हणजे जेमतेम पंधरा सेकंद. तेवढ्यात एकच नवी गोष्ट आणा. मूळ गाण्यात गायक दोन मिनिटं उलटल्यावर तोंड उघडतो. आवाज सपाट ठेवा, रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) अगदी थोडा.