खोली बदलताना घरातल्या मोठ्यांचे उपचार तुटू नयेत म्हणून

सोलापुरात यंत्रमागावर किंवा विड्या वळून संसार चालवणारी असंख्य कुटुंबे भाड्याच्या खोलीत राहतात, आणि अकरा महिन्यांचा करार संपला किंवा भाडे वाढले की त्यांना बिऱ्हाड हलवावे लागते. अशा वेळी मुलांच्या शाळेचा विचार सगळे करतात, पण मोठ्या माणसांचे उपचार मागे पडतात. डिपॉझिट भरून हातात पैसा उरलेला नसतो, नव्या भागातला दवाखाना माहीत नसतो आणि जुना केस पेपर कोणत्या बोचक्यात गेला हे कोणालाच आठवत नाही. बीपी वाढले तरी बहुधा काही दुखत नाही, त्यामुळे “सामान लागले की जाऊ” असे म्हणता म्हणता गोळ्या बंद पडतात आणि त्यातूनच पुढे एखाद्याला पक्षाघात होतो.

म्हणून खोली सोडण्याचे ठरताच, भांडी बांधायला घेण्याआधी, नेहमीच्या दवाखान्यात जाऊन पत्ता बदलत असल्याचे सांगावे, शक्य तितक्या जास्त दिवसांच्या गोळ्या मागाव्यात आणि चालू औषधांची नावे व प्रमाण सुवाच्य अक्षरात लिहून घ्यावे. या कागदाचे आणि शेवटच्या तपासण्यांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवावेत. आभा हा 14 अंकी आरोग्य क्रमांक जरूर काढावा. मात्र सगळेच दवाखाने त्याला जोडलेले नाहीत, त्यामुळे कागदाची पिशवी टेम्पोत न टाकता स्वतःच्या हातात न्यावी.

क्षयरोगाच्या रुग्णाने तर एकही दिवस खंड पडू देऊ नये. साध्या क्षयरोगाचा उपचार साधारण सहा महिने चालतो आणि तो अर्धवट सोडल्यास औषधे लागू न पडण्याचा धोका वाढतो. सरकारी नोंद ‘निक्षय’ प्रणालीत असल्याने रुग्णाला नव्या पत्त्याजवळच्या केंद्राकडे वर्ग करता येते. जुन्या केंद्रात तसे सांगून निक्षय क्रमांक लिहून घ्यावा.

इन्सुलिन घेणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. न उघडलेली बाटली 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते, तर आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 च्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत फ्रिज असतोच असे नाही. वापरातली बाटली कोरड्या बंद डबीत घालून, एकात एक ठेवलेल्या दोन मातीच्या भांड्यांच्या मधल्या जागेत ओली वाळू भरून, आतल्या भांड्यात सावलीला ठेवावी आणि वाळू सुकू देऊ नये. उरलेल्या बाटल्या दवाखान्यात किंवा ओळखीच्या मेडिकलवाल्याकडे ठेवता येतात का, हे संकोच न करता विचारावे.

आधारवरचा पत्ता जुना आहे म्हणून अनेक जण दवाखान्यातच जात नाहीत, याचे फार वाईट वाटते. सिव्हिलमध्ये, म्हणजे मोठ्या सरकारी रुग्णालयात, केस पेपर काढायला नवा पत्ता तोंडी सांगावा. रुग्णालयात भरती होऊन मोफत उपचार मिळवून देणाऱ्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड लागते, म्हणून ते गावाकडे न ठेवता जवळ बाळगावे, आणि भरती होताना या योजनेसाठी मदत करणाऱ्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे. रोजच्या गोळ्यांचा खर्च या योजनेत येत नाही, हेही लक्षात असू द्यावे. कर्नाटकातून आलेल्या कुटुंबांकडे आयुष्मान कार्ड असेल, तर ते देशभरातल्या संलग्न रुग्णालयांत चालते.

घरमालकाकडे नोंदणीकृत करार आग्रहाने मागावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि तोच कागद पत्ता बदलायला उपयोगी पडतो.

हक्काचे घर मिळाले तरी हीच काळजी घ्यावी लागते. सोलापूरजवळच्या कुंभारीतील रे नगर वसाहतीतील 15,000 घरे जानेवारी 2024 मध्ये कामगारांना मिळाली, ही मोठी गोष्ट आहे. पण तिथून सिव्हिल गाठायचे म्हणजे रिक्षाचे भाडे आणि बुडालेली मजुरी आलीच. त्यामुळे राहायला जाताच तिथल्या आशाताईंना गाठून घरातल्या बीपी-साखरेच्या रुग्णांची नावे त्यांच्या यादीत घालून घ्यावीत आणि गोळ्या जवळच्या सरकारी केंद्रात मिळतात का, हे पहिल्याच आठवड्यात पाहून यावे.