उन्हाळ्यात विमानाने माल धाडताना जमिनीवरचे तास सांभाळा

विमानातल्या आठ-दहा तासांत नीट गार केलेला, नीट बांधलेला फळा-भाजीचा माल सहसा टिकून राहतो. तो बिघडतो जमिनीवर. तोडणी झाली आणि पेटी झाडाखाली राहिली, पॅकहाऊसच्या दारात गाडीची वाट पाहत बसली, कार्गो टर्मिनलवर तपासणीच्या रांगेत थांबली, शेवटी विमानाशेजारी तापलेल्या फरशीवर ट्रॉलीत उभी राहिली. उन्हाळ्यात हेच तास घात करतात. म्हणून नियोजन करताना आधी उड्डाणाची वेळ घ्या आणि तिथून मागे मोजत तोडणीच्या वेळेपर्यंत या.

उत्तर गोलार्धाचे उन्हाळी हवाई वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवसापर्यंत चालते. हिवाळ्यात ज्या उड्डाणाने माल जात होता त्याची वेळ, विमानाचा आकार किंवा थांबा बदललेला असू शकतो. फॉरवर्डरकडून (विमानाने माल पाठवून देणाऱ्या एजंटाकडून) नवे वेळापत्रक लेखी मागवून घ्या. दुपारपेक्षा रात्रीचे किंवा पहाटेचे उड्डाण घ्यावे, आणि त्यामागे फरशीच्या तापापेक्षा मोठे कारण आहे. गरम हवा विरळ असते, त्यामुळे कडक उन्हात विमानाला कमी वजन घेऊन उडावे लागते. प्रवासी विमानात वजन कमी करायची वेळ आली की प्रवासी आणि त्यांचे सामान राहते, कार्गो खाली उतरतो. दोनशे पेट्यांपैकी साठ मागे राहिल्या तर त्या पुढच्या विमानापर्यंत कुठे आणि किती तापमानात ठेवणार, हे बुकिंग करतानाच विचारा. पोहोचण्याचा वारही पाहा. आयात करणाऱ्या देशात साप्ताहिक सुटीच्या आदल्या संध्याकाळी उतरलेला माल तपासणीअभावी दोन दिवस अडकू शकतो.

आता सगळ्यात महत्त्वाचे, आणि ते पूर्णपणे आपल्या हातात आहे: मालातली शेताची उष्णता काढणे. तापमान १० अंशांनी वाढले की फळा-भाजीचा श्वसनवेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. माल स्वतःच उष्णता तयार करत राहतो आणि पेटी आतून तापते. गरम माल थर्मल ब्लँकेटमध्ये गुंडाळला तर ती उष्णता आत कोंडते. ब्लँकेट थंडावा टिकवते, थंडावा निर्माण करत नाही. म्हणून तोडणी पहाटे, सावली लगेच आणि पूर्वशीतकरण (पाठवण्याआधी माल गार करणे) त्याच दिवशी.

पूर्वशीतकरणात घाई कुठे होते ते उदाहरणाने सांगतो. मालाच्या गराचे तापमान ३२ अंश आहे आणि खोलीतली हवा शून्य अंशाला आहे. पहिल्या दोन तासांत गर १६ अंशांवर आला, तर पुढच्या दोन तासांत तो ८ वर येईल आणि त्यापुढच्या दोन तासांत ४ वर. म्हणजे निम्मी उष्णता दोन तासांत गेली तरी आठ भागांतले सात भाग जायला सहा तास लागतात. बरेच जण पेटीला हात लावून गार लागली की गाडी भरतात. बाहेरचा पुठ्ठा गार असतो, गर गरमच असतो. टोकदार प्रोब असलेला तापमापक पॅलेटच्या (पेट्या रचायच्या फळीच्या) मधल्या पेटीतल्या फळाच्या गाभ्यात खुपसून वाचा आणि तो आकडा लिहून ठेवा. नुसत्या शीतगृहात रचून ठेवण्यापेक्षा पंख्याने पेट्यांच्या छिद्रांतून थंड हवा ओढून घेणारी पद्धत कितीतरी जलद चालते, पण त्यासाठी थरावर थर रचताना पेट्यांची छिद्रे एकासमोर एक यायला हवीत.

सगळ्याच मालाला शून्य अंश मानवत नाही. स्ट्रॉबेरी आणि पालेभाज्या शून्याच्या आसपास उत्तम राहतात. केळी १३ अंशांखाली गेली तर साल काळवंडते आणि पुढे नीट पिकत नाही. काकडीलाही १० अंशांच्या खाली फार काळ ठेवू नये. म्हणून एअर वेबिलवर (विमान वाहतुकीच्या पावतीवर) नुसते ‘नाशवंत’ लिहून भागत नाही. किती ते किती अंश, हे आकड्यात लिहा. पिकणारी केळी, सफरचंद किंवा टोमॅटो यांतून इथिलीन वायू सुटतो, त्याने काकडी, ब्रोकोली आणि पालेभाज्या पिवळ्या पडतात. जागा वाचवायला हे एका पॅलेटवर बांधू नका. आणखी एक गोष्ट: उड्डाणात हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण तीन-चतुर्थांशावर येऊ शकतो. हवाबंद पिशवीत हवा जास्त राहिली तर ती फुगते आणि शिवण उसवते.

गोठवलेल्या मालाचे गणित वेगळे. तो गाभ्यापर्यंत उणे १८ अंशांवर घट्ट गोठलेला असेल तेव्हाच पेटीत भरा. ड्राय आइसचे, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइड वायूचे, तापमान उणे ७८.५ अंश असते, पण त्याच्या भरवशावर अर्धवट गोठलेला माल पाठवू नये. थर्माकोलच्या पेटीतून दिवसाला साधारण २ ते ५ किलो ड्राय आइस उडून जातो. प्रवास २४ तासांचा असला तरी बर्फ ४८ तासांचा भरावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. विमान वाहतुकीत ड्राय आइस धोकादायक माल म्हणून गणला जातो. पेटीवर यूएन १८४५ हा क्रमांक, वर्ग ९ चे लेबल आणि ड्राय आइसचे निव्वळ वजन किलोत हवे, आणि वायू बाहेर पडायला वाट हवी. टेपने पेटी पूर्ण बंद केली तर ती फुटू शकते. बंद व्हॅनमध्ये हा वायू साठून माणूस गुदमरतो, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा आणि बर्फ हाताळणाऱ्याला जाड हातमोजे द्या. ताज्या फळा-भाजीसोबत ड्राय आइस वापरू नका, तिथे जेल पॅकच ठीक.

पेटी मोठी केली की भाडे वाढते हेही ध्यानात ठेवा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६००० ने भागले की आकारमानी वजन मिळते. ६० बाय ४० बाय ३० ची पेटी १२ किलोची धरली जाते, आत पालेभाजी ५ किलोच असली तरी.

कागदांपैकी फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (माल कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला), बीजक, पॅकिंग लिस्ट आणि एअर वेबिल यांत पेट्यांची संख्या व वजन तंतोतंत जुळायला हवे; एका आकड्याच्या फरकाने माल उन्हात थांबतो. लाकडी पॅलेटवर उष्णता-प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का बघून घ्या. फवारणीची नोंदवही काढून काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचे दिवस) पुन्हा तपासा. युरोपीय संघात ज्या औषधाची वेगळी अवशेष मर्यादा ठरलेली नाही तिथे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम हीच मर्यादा लागते.

प्रत्येक खेपेत निदान एक डेटा लॉगर (तापमानाची सतत नोंद करणारे छोटे यंत्र) मधल्या पेटीत ठेवा. त्यात लिथियम बॅटरी असेल तर विमान कंपनीची मान्यता आधी घ्या. खरेदीदाराला सांगा, माल हातात येताच गराचे तापमान, फोटो आणि लॉगरची नोंद त्याच दिवशी पाठव. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार माल मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि उशिराची २१ दिवसांच्या आत विमान कंपनीकडे द्यावी किंवा रवाना करावी लागते. पाठवतानाचा तुमचा आकडा लिहिलेला असेल, तरच उष्णता कोणत्या टप्प्यावर शिरली ते दाखवता येईल.