वकिलाविरुद्ध तक्रार करायचीय? आधी रोजनामा काढा

वकील फोन उचलत नाहीत, आणि एके दिवशी ई-कोर्टवर दिसतं की दावा गैरहजेरीत निकाली निघालाय. अशा वेळी तक्रार लिहायला बसू नका. आधी दावा वाचवा. असा दावा पुन्हा चालू करण्याच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत असते. ती उलटली असेल तर सोबत विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो. बार कौन्सिलकडे (वकिलांवर नियंत्रण ठेवणारी संस्था) तक्रार केल्याने ही मुदत थांबत नाही, आणि बहुतेकांचं नुकसान नेमकं इथेच होतं. जुने वकील ना हरकत देत नसतील तर कोर्टाच्या परवानगीने नवं वकीलपत्र दाखल करता येतं. फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच स्पष्ट केलंय.

मग नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात नक्कल विभागाकडे अर्ज द्या (दावा नाशिकरोडला किंवा तालुक्याला असेल तर तिथल्या कोर्टात). रोजनामा (प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद), वकीलपत्र आणि शेवटचा आदेश, तिन्हींच्या प्रमाणित नकला मागा. 'वादी व वकील गैरहजर' हा शेरा कोणकोणत्या तारखांना पडला, ते रोजनाम्यात दिसतं. वकीलपत्रावर सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक असतो. एकाच नावाचे दोन वकील असले तर तोच कामाला येतो.

तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या मुंबईतल्या फोर्टच्या कार्यालयात जाते. ती सही आणि सत्यापनासह अर्जाच्या स्वरूपात हवी, सोबत ठरलेली फी भरावी लागते. 'नीट बाजू मांडली नाही' एवढ्यावर काही होत नाही. पैसे घेऊन हिशेब न देणं, खोटी तारीख सांगणं, विरुद्ध पक्षाशी संगनमत, असं गैरवर्तन तारीखवार मांडा. समोरच्या पक्षाच्या वकिलावरची तक्रार सहसा टिकत नाही. फी रोखीत दिली आणि पावती नाही, ही नेहमीची अडचण. मग व्हॉट्सअॅपवरचे मेसेज उपयोगी पडतात, पण नुसत्या प्रिंट पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा.

कौन्सिलला सकृद्दर्शनी तथ्य वाटलं तर प्रकरण तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीकडे जातं. तिथे तुमची उलटतपासणी होणार, हे धरून चला. वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण भारतीय बार कौन्सिलकडे वर्ग होतं. ताकीद, ठरावीक काळ सनद निलंबित किंवा वकिलांच्या यादीतून नाव कायमचं कमी, एवढ्याच शिक्षा आहेत. निकालावर ६० दिवसांत भारतीय बार कौन्सिलकडे अपील करता येतं.

बुडालेली फी या वाटेने वसूल होईल, असं समजू नका. त्यासाठी दिवाणी दावा, आणि रक्कमच हडपली असेल तर फौजदारी फिर्याद. सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोगाचा रस्ता मे २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने बंद झालाय. 'पैसे द्या, तक्रार मागे घेतो' हा सौदाही करू नका: तडजोड झाली म्हणून चौकशी आपोआप बंद होत नाही, आणि तो मेसेज समितीपुढे तुमच्याच विरोधात वाचला जातो.