आरटीईचा अर्ज: आधी नकाशा, मग शाळा
पुण्यात आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत मोफत प्रवेशासाठी राखीव असलेल्या, २५ टक्के जागांसाठी ऑनलाइन अर्ज भरताना सर्वांत जास्त वेळ अर्जातल्या नकाशावर द्या. घराची खूण स्वतःच्या इमारतीवरच ठेवा. शाळेचं अंतर तिथूनच मोजलं जातं. खूण सिंहगड रस्त्यावर आणि घर आत गल्लीत, असं पडताळणीत निघालं तर सोडतीत लागलेला प्रवेशही जाऊ शकतो. चूक दोन मिनिटांची, नुकसान मुलाचं, म्हणून इतकं सांगतोय. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार नोंदणीकृतच हवा आणि तो अर्जाच्या आधीचा. शाळा जास्तीत जास्त दहा निवडता येतात. आर्थिक दुर्बल गटाला वर्षाला एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो. दिव्यांग मुलाला तो लागत नाही, ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. एका मुलाचे दोन अर्ज मात्र भरू नका.