नॅससाठी हार्ड डिस्क घेताना: सीएमआर की एसएमआर?

घरच्या नॅससाठी (घरातल्या नेटवर्कवरून फायली साठवून देणाऱ्या छोट्या उपकरणासाठी) हार्ड डिस्क घेताना क्षमता, किंमत आणि वॉरंटी सगळेच पाहतात, परंतु तबकडीवर माहिती कोणत्या पद्धतीने लिहिली जाते हे फारसे कोणी विचारत नाही. सीएमआर पद्धतीत प्रत्येक ट्रॅक, म्हणजे माहिती लिहिण्याची गोलाकार रेघ, सुटा असतो. एसएमआरमध्ये ट्रॅक छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत अधिक माहिती मावते, पण मधले एक कौल बदलायला वरची कौले उचलावी लागतात, तसे एका ट्रॅकमध्ये बदल करताना त्या पट्ट्यातले पुढचे ट्रॅकही पुन्हा लिहावे लागतात.

हा खटाटोप डिस्क आपल्यापासून लपवते. नवी माहिती ती आधी एका राखीव भागात उतरवून घेते आणि फुरसत मिळाली की योग्य जागी हलवते, म्हणून रोजच्या वापरात काही जाणवत नाही. नॅसमध्ये अनेक डिस्क मिळून एक गट, म्हणजे ॲरे, करतात; त्यातली एक बिघडली की तिच्या जागी नवी बसवून माहिती पुन्हा उभारतात, तो रीबिल्ड. त्या वेळी मात्र नव्या डिस्कवर तासन्‌तास अखंड लेखन होते, राखीव भाग भरतो, वेग कोसळतो, आणि उत्तर वेळेत न आल्याने धडधाकट डिस्कही ॲरेमधून बाद ठरू शकते. झेडएफएस या फाइल सिस्टीममध्ये हा त्रास विशेष दिसला आहे. रेड ५ ही ॲरेची रचना एकाच डिस्कचा बिघाड सोसते; रीबिल्ड लांबत असताना तिच्यातली आणखी एक डिस्क गेली, तर अख्खा ॲरे जातो.

नॅससाठीची म्हणून विकली जाणारी डिस्क सीएमआरच असेल, असेही गृहीत धरू नये. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतील (हा ‘रेड’ म्हणजे लाल, ॲरेशी त्याचा संबंध नाही) २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचे एप्रिल २०२० मध्ये उघड झाले. ४ टीबीची डब्ल्यूडी४०ईएफआरएक्स सीएमआर होती आणि डब्ल्यूडी४०ईएफएएक्स एसएमआर. फरक एका अक्षराचा. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्कसाठी रेड प्लस हे नाव आणले. रेड प्रोही सीएमआरच आहे. सीगेटची आयर्नवुल्फ आणि तोशिबाची एन३०० या मालिकाही सीएमआर आहेत. सीगेटच्याच बाराकुडा मालिकेतील ४ आणि ८ टीबीच्या स्वस्त डिस्क मात्र एसएमआर आहेत, त्या ॲरेसाठी घेऊ नयेत.

म्हणून पूर्ण मॉडेल क्रमांक उत्पादकाच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहावा. दुकानदाराच्या वर्णनावर विसंबू नये. हाताशी असलेली डिस्क लिनक्सवर ‘एचडीपार्म’ या आज्ञेने तपासता येते: फिरत्या तबकडीच्या डिस्कने ट्रिमची (कोणती जागा आता वापरात नाही हे डिस्कला कळवण्याची) सोय दाखवली, तर ती बहुधा एसएमआर असते, मात्र ट्रिम न दिसणे हा सीएमआरचा पुरावा नव्हे. बदली डिस्क शक्यतो आधीच तपासून घेऊन ठेवावी, कारण ॲरे अर्धमेला असताना घाईत केलेल्या खरेदीतच ही चूक होते. घरात एसएमआर डिस्क आधीच असेल, तर ती ॲरेबाहेर ठेवून बॅकअपसाठी वापरावी. तसाही रेड ॲरे हा बॅकअप नसतोच.