हायपॉक्सियावर प्रोजेक्ट मिळालाय? आधी प्लेट बाहेर कशी काढायची ते शिका

लॅब खारघरची असो, कुलाब्याची असो की पवईची, हायपॉक्सियाचा, म्हणजे पेशींना ऑक्सिजन कमी पडण्याचा, विषय मिळाला की सगळे आधी हिफचा (ऑक्सिजन कमी झाल्यावर जनुकं चालू करणारं प्रोटीन) पाथवे पाठ करतात. हा पाथवे उलगडणारे केलिन, रॅटक्लिफ, सेमेंझा, त्यांचं २०१९ चं नोबेल हे तुम्हाला माहीतच असणार. फक्त एक गोष्ट पक्की करा, हिफ-१ अल्फा (हिफचा ऑक्सिजनप्रमाणे कमी-जास्त होणारा भाग) पेशी साध्या हवेतही सतत बनवत असते, पण ऑक्सिजन असला की प्रोलिल हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम त्याला हायड्रॉक्सिल लावतं, व्हीएचएल हे प्रोटीन ते ओळखतं, युबिक्विटिनची खूण लागते आणि प्रोटिएझोममध्ये, म्हणजे प्रोटीन तोडणाऱ्या यंत्रणेत, त्याचा निकाल लागतो. ऑक्सिजन कमी झाला की हे मोडणं थांबतं, म्हणून प्रोटीन साठतं. त्यामुळे क्यूपीसीआरमध्ये (आरएनए मोजायची चाचणी) त्याचा एमआरएनए हलला नाही तर घाबरू नका.

आता खरा खड्डा, यात मी खूप अडकले होते. हवा लागली की हिफ-१ अल्फाचं हाफ-लाइफ (निम्मं उरायला लागणारा वेळ) साधारण ५ मिनिटं. तुम्ही १ टक्का ऑक्सिजनच्या चेंबरमधून पेशींची प्लेट काढता, मग बर्फ शोधता, बेंचवरच्या पीबीएस बफरने धुता (त्यातही ऑक्सिजन विरघळलेला असतोच), दुसरी प्लेट काढता, स्क्रेप करता, सेंट्रिफ्यूजसाठी थांबता, आणि ब्लॉटवर (प्रोटीन ओळखायची चाचणी) बँड नाही! नवीन अँटिबॉडी मागवू नका, प्रोटीन तुमच्या हातातच गेलंय. बर्फ आणि बफर आधी तयार ठेवा, एका वेळी एकच प्लेट काढा, जमलं तर लायसिस (पेशी फोडणं) चेंबरच्या आतच करा, नाहीतर मीडियम ओतून टाकून लगेच गरम एसडीएस (पेशी फोडणारा डिटर्जंट) बफर टाका. मीडियमसुद्धा आदल्या रात्रीच चेंबरमध्ये ठेवा. आणि लोडिंग कंट्रोल (सगळीकडे सारखं प्रोटीन घातलं का ते बघायला) म्हणून गॅपडीएच हे प्रोटीन नकोच, ते स्वतःच हिफचं टार्गेट आहे.

चेंबरऐवजी कोबाल्ट क्लोराइड घालून हिफ साठवायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. हिफ साठतो खरा, पण पेशीला ऑक्सिजन मिळतच असतो, त्यामुळे बाकीचा अर्धा विषय तुम्हाला नीट दिसत नाही. तो अर्धा म्हणजे ट्रान्सलेशन, एमआरएनएवरून प्रोटीन बनवणं. ऑक्सिजन कमी झाला की रेड-१ हे प्रोटीन वाढतं, पेशीच्या वाढीचं बटण असलेला एमटॉर दबतो, ४ई-बीपी१ हा रोधक जाऊन ट्रान्सलेशन सुरू करणाऱ्या ईआयएफ-४ईला पकडतो आणि एकूण प्रोटीन बनवणं मंदावतं. ऑक्सिजन अगदीच संपत आला तर पर्क हे एन्झाइम ट्रान्सलेशनला लागणाऱ्या ईआयएफ-२ अल्फाला फॉस्फोरिलेट करतं (फॉस्फेट लावतं), तेव्हा बहुतेक मेसेज थांबतात पण एटीएफ-४ हे ताणाला तोंड देणारं प्रोटीन मात्र उलट वाढतं, त्याच्या एमआरएनएच्या सुरुवातीच्या छोट्या ओआरएफमुळे (प्रोटीनचा कोड असलेले तुकडे). म्हणून आरएनए-सीक (सगळे आरएनए मोजणं) बघून प्रोटीनबद्दल बोलू नका.

गाइड मोठे असतात, पण मीटिंगला दहा मिनिटं मिळतात. चेंबर रोज चालवणाऱ्या टेक्निशियन ताईंना किंवा दादांना विचारा, ते जास्त शिकवतील. पहिले ब्लॉट कोरे येतात, सगळ्यांचेच येतात, यावरून तुम्ही या फील्डचे नाही असं ठरवू नका. आणि एकूण ट्रान्सलेशन मोजायला प्युरोमायसिन (नव्या बनणाऱ्या प्रोटीनला चिकटणारं औषध) घालणार असाल तर प्लेट चेंबरमध्ये असतानाच घाला, बाहेर काढून नाही.